तात्यांना मॉर्फिनची गोळी लिहून दिलीय, चालू करावी का नको?

केजचा_ऊसवाला | रात्री 11:40

राम राम मंडळी. उद्या गणपती बसायचेत आणि मी हे लिहीत बसलोय, कारण घरात कुणालाच झोप नाही.

वडील, आम्ही तात्या म्हणतो, वय 64. डाव्या गालाचा कॅन्सर. चाळीस वर्षं तंबाखू-चुन्याची गोळी त्याच गालात. मागच्या दिवाळीच्या आधी ऑपरेशन झालं, जबड्याचं हाड काढलं, नंतर रेडिएशनचे 30 शेक दिले. उन्हाळाभर माणूस चांगला होता, मोटार चालू करायला रानात जायचा. आखाडात मानेला परत गाठ आली, ती आता फुटलीय. डॉक्टर म्हणले, आता परत ऑपरेशन होत नाही, दुखणं कमी करू.

दुखणं कसं सांगू. कान, जबडा, कवटीची डावी बाजू. रात्री दोन वाजता उठून अंगणात फेऱ्या मारतात. तोंड बोटभरच उघडतं, त्यामुळं ओरडताही येत नाही, नुसतं हुं हुं चालतं. दावणीची बैलंसुद्धा उठून उभी राहतात. आतापर्यंत गावातल्या डॉक्टरचं इंजेक्शन, रोज एक, कधी दोन. दोन तास बरं वाटायचं. वरून मेडिकलवरची एक लांबट दुखीची गोळी, चिठ्ठी लागत नाही, दिवसाला आठ-आठ खायलेत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं मॉर्फिन 10 मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली, दर चार तासांला एक आणि रात्री झोपताना दोन. डॉक्टरनं सांगितलं सगळं, पण माझ्यामागं सत्तर पेशंटची रांग होती, मला निम्मंच कळालं. गोळ्या देताना रजिस्टरात सही घेतली, आधारची झेरॉक्स घेतली. तिथंच पोटात गोळा आला. गोळी द्यायला सही कशाला लागते हो?

घरी आलो तर चुलते म्हणले, ही अफू हाय. ही चालू केली की माणूस आठ दिवसांत जातो. मेव्हणा संभाजीनगरला असतो, त्याच्या गल्लीतलं पोरगं नशेच्या बटण गोळ्यांच्या नादानं घरातली भांडी विकायलंय, ते त्यानं फोनवर अर्धा तास सांगितलं. आई म्हणते, तंबाखूनं एवढं केलं, आता अफू नका लावू. तीन दिवस झाले, स्ट्रीप देवळीत पडून आहे. तात्या तिच्याकडं बघतात, मागत नाहीत.

सवय लागंल का? लागली तर डोस वाढतच जाणार का? आणि चुलते म्हणतात तसं खरंच होतं का? मी बारावी सायन्स आहे, पण इथं डोकं चालंना.

---

शिवार_पाटील | रात्री 11:58

देऊ नका. अफूचं सत्व आहे ते. आमच्या गावात एकाला चालू केली, नवव्या दिवशी खलास. त्यापेक्षा झाडपाल्याचं बघा, माझ्याकडं एका वैदूचा नंबर आहे, लई लोकांना गुण आलाय.

---

नांदेडची_माणिक | सकाळी 6:15

पाटील, तो माणूस गोळीनं गेला का आजारानं? नऊच दिवस राहिले असताना गोळी चालू केली असेल तर दहावा दिवस कुठून येणार? आमच्या सासऱ्यांच्या वेळी असंच झालं. अगदी शेवटच्या आठवड्यात दिली आणि मग सगळ्या भावकीत झालं की गोळीनं घालवलं.

बाकी मला औषधातलं कळत नाही, मी शाळेत शिकवते. कुणी जाणकार असेल तर बोला, केजकर वाट बघत असतील.

---

जुना_कंपाउंडर | सकाळी 7:30

केजकर, पोस्ट दोनदा वाचली. मी परभणीकडचा. 1987 पासून 32 वर्षं सरकारी दवाखान्याचं औषधभांडार सांभाळलं. कागदावर पद औषधनिर्माता, लोक कंपाउंडर म्हणायचे, मीही तेच म्हणतो. पहिलं उत्तर पहिल्यांदा: गोळी आजच चालू करा. पण त्याआधी त्या दवाखान्यात फोन लावून दोन गोष्टी सांगा. तात्या मेडिकलवरची कोणती गोळी किती खातात ते, आणि गावातलं इंजेक्शन कोणतं आहे ते. का, ते खाली येतंय.

चुलते खोटं बोलत नाहीत. ती अफूचीच लेक आहे. आपण अनारशाला खसखस लावतो ना, तेच झाड. बोंड हिरवं असताना त्याला चिरा मारतात, चीक गळतो, तो खरवडला की अफू. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडं, राजस्थानात आणि उत्तर प्रदेशातही सरकारी परवान्यानं तिची शेती होते, आणि गाझीपूर आणि नीमचला सरकारचे स्वतःचे कारखाने आहेत. त्या चिकातून मॉर्फिन पहिल्यांदा वेगळं काढलं ते 1805 च्या सुमाराला, जर्मनीतल्या सर्ट्युर्नर नावाच्या विशीतल्या पोरानं. तो औषधाच्या दुकानात मदतनीस होता, म्हणजे आमच्याच जातीचा, कंपाउंडर! स्वतःवर आणि मित्रांवर प्रयोग करून बसला होता गडी. ग्रीकांच्या स्वप्नाच्या देवावरून त्यानं नाव ठेवलं.

आता सहीचं. आमच्या भांडारात लाकडी कपाटाच्या आत लोखंडी कपाट होतं, दोन कुलपं. एक किल्ली माझ्या कमरेला, दुसरी इन्चार्ज सिस्टरकडं. पेथिडीनचं, म्हणजे याच जातीच्या दुखीच्या इंजेक्शनचं, एक अँप्यूल हातातून पडून फुटलं तर काचा कागदात गुंडाळून ठेवायच्या, दोघांच्या सह्या, वर साहेबांची सही. वापरलेल्या अँप्यूलसुद्धा मोजून परत घ्यायच्या. एकेका गोळीचा हिशोब ठेवायचा म्हणून ही सही आणि आधार. तुमच्यावर कुणाचा संशय नाही.

या हिशोबाची दहशत मात्र एवढी बसली की औषधच गायब झालं. 1985 ला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आला. गर्द विकणाऱ्यांसाठी तो बरोबरच होता, पण दवाखान्याला मॉर्फिन ठेवायचं तर अबकारीचे, औषध खात्याचे, वाहतुकीचे असे चार-पाच परवाने, एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा येत नाही, आणि चूक झाली तर दहा वर्षांच्या कैदेची भीती. कोण ठेवील? कायदा आला तेव्हा देशात वर्षाला 600 किलोच्या घरात मॉर्फिन लागायचं, 1997 ला ते 18 किलोवर आलं. एवढ्या मोठ्या देशाला 18 किलो! आमच्या कपाटात वर्षानुवर्षं एक गोळी नव्हती. वॉर्डातून कॅन्सरच्या माणसांचे आवाज भांडारापर्यंत यायचे. आम्ही डायक्लोफिनॅक द्यायचो आणि झोपेचं इंजेक्शन. माणूस झोपायचा, दुखणं जागंच राहायचं. 2014 ला कायदा सुधारला. मॉर्फिन, फेंटॅनिल, कोडीन, मेथाडोन धरून सहा औषधं वेगळी काढली, राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता असली की दवाखान्याला ती ठेवता येतात. तुमच्या देवळीतली स्ट्रीप तिथवर पोचायला एवढा खटाटोप झालाय.

आता सवयीचं. माझ्याच घरातल्या दोन गोष्टी सांगतो, पुस्तकातलं नको.

माझी थोरली बहीण, अक्का. स्तनाचा कॅन्सर, मांडीच्या हाडात उतरलेला. कूस बदलायची तर दोघांनी धरायचं. 10 च्या गोळीवर चालू केली, दोन महिन्यांत एका वेळेला 30 लागायला लागली. मला घरात बोलणी बसली की तू कंपाउंडर असून बहिणीला अफूवर आणलंस. पण हाडातलं दुखणं वाढलं तसा डोस वाढला होता. मग त्या हाडावर शेक दिला, एकदाच. तीन आठवड्यांत दुखणं निम्म्याच्या खाली. डॉक्टरनं डोस पायरी-पायरीनं उतरवला आणि पंधरा दिवसांत गोळी बंद. आठ महिने खाल्लेली गोळी! अक्कानं नंतर एकदाही ती मागितली नाही. पानपुडा मागायची, तो मात्र रोज. पुढं सव्वा वर्षानं आजार यकृतात गेला, तेव्हा पुन्हा मॉर्फिन लागली, आणि ती पुन्हा खालपासूनच चालू केली. मधे बंद असली की शरीर जुना डोस विसरतं, त्यामुळं एकदम 30 देऊन चालत नाही.

मधे एकदा अक्काच्या गोळ्या संपल्या आणि रविवार आला. दुपारपर्यंत नाक गळायला लागलं, जांभया, घाम, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब. ती शरीराची सवय. काही आठवडे रोज घेतली की कुणालाही लागते. बीपीच्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी उसळतं, म्हणून आपण बीपीचं व्यसन म्हणत नाही. त्यामुळं गोळी एकदम तोडायची नाही, आणि संपायच्या चार दिवस आधी आणायला जायचं.

व्यसन काय असतं ते पुतण्यानं दाखवलं. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून रात्री ऊस न्यायचा. कंबर दुखते म्हणून कुणीतरी ट्रॅमाडॉलची कॅप्सूल दिली. कंबर थांबली, शिवाय थकवा जाणवेना, गाडी ओढल्यासारखी वाटंना. पुढच्या सीझनला कंबर दुखत नव्हती तरी दहा-दहाच्या दोन स्ट्रीपा रोज. एका कॅप्सूलमध्ये 50, म्हणजे दिवसाला 1000 मिलिग्रॅम, आणि त्या औषधाची दिवसाची हद्द 400 ची आहे. कारखान्याच्या वजनकाट्याच्या रांगेत त्याला फीट आली. घरच्यांनी भूतबाधा म्हणून दोन ठिकाणी नेलं. मला कळलं तेव्हा त्याच्या सीटखाली रिकाम्या स्ट्रीपांची पिशवी निघाली. बायकोची पोत गेली होती, खोटं बोलणं रोजचं, पोरीच्या वाढदिवसाला घरी नाही. अक्काचा दिवस गोळीनं पुन्हा उभा केला. याचा दिवस गोळी शोधण्यातच जायचा. एकाच जातीची औषधं आहेत ही दोन्ही.

एप्रिल 2018 ला ट्रॅमाडॉल त्याच एनडीपीएस कायद्याखाली आणलं. त्याच्याही आधीपासून मेडिकलवाल्यानं त्याची नोंद वेगळ्या रजिस्टरात ठेवायची, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, असा नियम आहे. नियम आहे. पुतण्याला गोळ्या कुठून मिळायच्या ते मला माहीत आहे, त्या काउंटरवर रजिस्टर मी कधी पाहिलं नाही.

म्हणून तुम्हाला विचारतो, तात्या खातात ती लांबट गोळी कोणती? स्ट्रीपवर बारीक अक्षरात ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल लिहिलंय का बघा. असलं तर तुमचे तात्या कधीचेच अफूच्या भावकीत आहेत, फक्त त्यावर कुणाची सही नव्हती म्हणून कुणी घाबरलं नाही. दिवसाला आठ ही तिची शेवटची हद्द. मॉर्फिन चालू केल्यावर ती चालू ठेवायची का बंद, हे डॉक्टरनं ठरवायचं, दोन्ही आपल्या मनानं नको. इंजेक्शन डायक्लोफिनॅक असेल तर रोज घेऊन किडनीवर ताण येतो, आणि किडनी मंद असेल तर मॉर्फिन अंगात साठतं, डोस कमी द्यावा लागतो. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, केलीय का विचारा. पेन्टाझोसिन नावाचं दुखीचं इंजेक्शन असेल तर ते मॉर्फिनच्या उलट्या बाजूनं ओढतं, जोडीनं नकोच. तात्या दारू घेत असतील, झोपेची गोळी घेत असतील तर तेही लपवू नका. आधी कसलं व्यसन असलेल्या माणसाला जास्त जपून द्यावी लागते, हे खरं आहे.

लिहिता लिहिता चहा गार झाला. पाटील, वैदूचा नंबर तुमच्याकडंच असू द्या.

---

वॉर्डातली_सिस्टर | दुपारी 3:20

कंपाउंडर काकांनी सगळं सांगितलं, पण एक विसरले, आणि पेशंट गोळी सोडतो तो त्याच्याचमुळं. बद्धकोष्ठ! माझी पोस्टिंग कॅन्सर वॉर्डात आहे. मॉर्फिन चालू केली आणि पोट साफ व्हायचं औषध दिलं नाही तर पाचव्या दिवशी नातेवाईक भांडायला येतात. मळमळ तीन-चार दिवसांत जाते, गुंगी दोन-तीन दिवसांत उतरते, पण बद्धकोष्ठ जात नाही, जोवर गोळी तोवर ते. चिठ्ठीवर बिसाकोडिल किंवा लॅक्टुलोज लिहिलेलं असेल, ते पहिल्या दिवसापासून द्या दादा, संडासला होतंय म्हणून बंद करू नका. इसबगोल नको. तात्यांना पाणीच नीट पिता येत नसणार, ते आत फुगून अडकतं.

वेळा मोबाईलमध्ये लावून ठेवा. सहा, दहा, दोन, सहा आणि रात्री दहाला दोन गोळ्या, म्हणजे मध्यरात्री दोनला उठवायला नको. दुखायची वाट बघायची नाही. दुखल्यावर देऊ म्हणता आणि दुखणं पुढं पळतं, मग गोळी मागं धावते. मधेच कळ आली तर जादा गोळी किती आणि कधी द्यायची, ते डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्या.

तोंड उघडत नाही म्हणालात. चार तासांची साधी गोळी कुटून पाण्यात विरघळवून चमच्यानं दिली तरी चालते, नाकातली नळी असेल तर त्यातूनही. बारा तासांची गोळी असते ती मात्र कुटायची नाही, सगळं औषध एकदम सुटतं. तुमची 10 ची दर चार तासांला लिहिलीय म्हणजे साधीच आहे, तरी स्ट्रीप मला नाही, तिथल्या फार्मसीत दाखवून खात्री करा.

पहिले दोन दिवस तात्या खूप झोपतील. घरचे म्हणतील, बघा गुंगीत गेले. किती रात्री जागलेत ते आठवा, ती झोप तेवढी थकलेली असते. हाक मारली, खांदा हलवला की उठतात का, एवढं बघायचं. हलवूनही उठंनात, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली, डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी, असं झालं तर पुढची गोळी द्यायची नाही आणि लगेच दवाखाना. त्यावर नालोक्सोन नावाचं उतारा इंजेक्शन असतं. नीट मोजून दिलेल्या पेशंटमध्ये हे क्वचित होतं.

आणि एक विचारू का, राग मानू नका. गाठ फुटलीय म्हणालात. वास येतो का? शेजारी यायचे कमी झालेत का? जखमेवर मेट्रोनिडॅझोलची पूड टाकून ड्रेसिंग करतात, चार दिवसांत वास निम्मा होतो. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे दुखणं हलकं करायच्या उपचारांचा कक्ष चालतो का तेही विचारा, ड्रेसिंग घरच्या माणसाला शिकवतात.

---

नांदेडची_माणिक | सायंकाळी 5:05

काका, एक शंका. एसटीनं गोळ्या घेऊन जाताना तपासणी झाली तर?

---

जुना_कंपाउंडर | सायंकाळी 6:40

चिठ्ठी सोबत, गोळ्या मूळ स्ट्रीपमध्ये, चिठ्ठीवर पेशंटचं नाव. झालं. स्वतःच्या आजारासाठी डॉक्टरनं लिहून दिलेलं औषध बाळगणं गुन्हा नाही. गुन्हा होतो तो दुसऱ्याला दिलं-विकलं की. उरलेल्या गोळ्या दवाखान्यात परत करायच्या, उकिरड्यावर टाकायच्या नाहीत.

पोलिसांची धास्ती आपल्याकडं जरा जास्तच आहे, त्याला कारणही झालं. 2012 ला बीड जिल्ह्यात खसखस म्हणून लावलेली अफू पकडली होती, केजकरांना आठवत असेल. बोंडाला चिरा मारलेल्या दिसल्यावर खसखस कोण म्हणणार!

---

शिवार_पाटील | रात्री 9:10

ठीक आहे, माझं ऐकीव होतं. पण मग कंपाउंडर साहेब, आमच्या मंडळींची कंबर सहा वर्षं दुखायलीय. मणक्यात गॅप सांगितलाय. एवढी चांगली गोळी असेल तर तिलाही मिळंल का?

---

जुना_कंपाउंडर | रात्री 9:45

नाही. सकाळी एवढं गुणगान केलं म्हणून आता सरळ सांगतो, नाही. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीला ही गोळी लावली की दुखणं फारसं हटत नाही आणि गोळी मात्र चिकटते. अमेरिकेत 1990 च्या दशकापासून अशाच दुखण्यांना याच जातीच्या गोळ्या मोकळ्या हातानं लिहिल्या, त्या नादात लाखो माणसं मेली. ऑपरेशननंतरचं, अपघाताचं, हार्ट अटॅकचं, कॅन्सरचं दुखणं, तिथं तिची जागा. वहिनींना फिजिओथेरपीवाल्याकडं न्या आणि डोक्यावरची घागर बंद करा. घागर तुम्ही आणा.

---

केजचा_ऊसवाला | पाच दिवसांनी, दुपारी 1:15

सगळ्यांचे आभार. काल महालक्ष्म्यांचं जेवण झालं, आता जरा फुरसत मिळाली.

त्याच दिवशी दवाखान्यात फोन लावला. लांबट गोळी ट्रॅमाडॉलचीच निघाली, ती बंद करायला सांगितली. इंजेक्शन डायक्लोफिनॅक होतं, तेही बंद. क्रिएटिनिन तालुक्याला तपासलं, 1.1 आलं, चालू करा म्हणले. पहिली गोळी संध्याकाळी सहाला आईच्या हातानंच चमच्यातून दिली, ती रडत होती. तात्या दहाला दोन गोळ्या घेऊन झोपले ते सकाळी पावणेसातला उठले. मी रात्रीत चार वेळा श्वास मोजून आलो. चुलतेही आले होते मोजायला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी मळमळ झाली, एकदा उलटी. दिवसभर पेंगत होते. तिसऱ्या दिवसापासून खुर्ची अंगणात मांडून बसतात. दुखणं गेलं नाही, पण अंगणातल्या फेऱ्या बंद झाल्या. काल महालक्ष्म्यांची आंबील अर्धी वाटी प्याले, चमच्या-चमच्यानं, वीस मिनिटं लागली. सिस्टर, वासाचं तुम्हाला कसं कळालं? पूड टाकायलो, फरक आहे. बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या दिवसापासून चालू आहे, तरी दोन दिवस झालं नव्हतं, फोनवर डोस वाढवून दिला, आज सकाळी झालं.

आता लफडं. आज गोळ्या मोजल्या तर एक कमी. माझ्या डोक्यात नको ते आलं, धाकटा चुलतभाऊ पुण्याहून आलाय गणपतीला, त्याच्याकडं बघायलो मी. दुपारी आईनंच सांगितलं. महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात दिवसभर उभी राहून गुडघे सुजले, म्हणून काल रात्री तिनं एक खाल्ली! म्हणते, ह्यांना एवढा गुण येतो, मला काय होतंय. सकाळी उठली तेव्हा डोकं गरगरत होतं, एकदा ओकली. आता बरी आहे, भांडी घासायलीय. काही करावं लागंल का?

---

जुना_कंपाउंडर | दुपारी 1:40

15 तास झाले, जागी आहे, भांडी घासतेय म्हणजे त्या एका गोळीची भीती गेली. आज तिला दुसरं झोपेचं काही देऊ नका आणि पाणी पाजा. तिला दमा किंवा किडनीचं काही असेल तर डॉक्टरला फोन करून सांगा. गुडघ्याला शेक आणि साधी पॅरासिटामॉल.

चुलतभावाची मनातल्या मनात माफी मागा. आणि देवळी ही काय जागा आहे? घरात लहान लेकरं असतीलच. एक लहान लेकरू अशा एका गोळीनं जाऊ शकतं. कुलूप लावा आज. एका वहीत तारीख, वेळ, किती दिली, किती उरल्या असं लिहीत चला. पुढच्या वेळी दवाखान्यात ती वही दाखवा, डोस ठरवायला डॉक्टरला त्याचाच उपयोग होतो.

---

केजचा_ऊसवाला | दुपारी 2:25

लेकरं तीन आहेत. आईच्या लग्नातल्या लोखंडी पेटीत ठेवल्या, कुलूप लावलं. वही पोरीच्या दप्तरातली घेतली, चौकटीची. दोनची गोळी दिली, 41 उरल्या. किल्ली तात्यांनी मागून घेतली, करदोट्याला बांधलीय. म्हणले, तुझ्या आईचा भरवसा नाही.